तळी बुजली, नावे उरली

गोंड राजांची राजधानी असलेले गढा हे तळ्यांचे गाव जबलपूरचे उपनगर कसे झाले, त्याची ही कहाणी. या कहाणीत मराठ्यांचाही वाटा आहे.

भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा पाहायला निघालेला मराठी प्रवासी जबलपूर स्टेशनवर उतरतो, रिक्षा किंवा टॅक्सी ठरवतो आणि नर्मदेच्या ओढीने सुसाट निघतो. शहराची गर्दी मागे पडते, डाव्या हाताला काळ्या खडकांच्या टेकड्या दिसू लागतात, मेडिकल कॉलेज येते, दुकाने, दवाखाने, शिकवण्यांच्या पाट्या येतात. 'हे काय?' असे त्याने विचारलेच, तर ड्रायव्हर मान न वळवता सांगतो, 'गढा है, साहब.' प्रवासी पुन्हा घड्याळाकडे पाहतो. त्या दोन-तीन मैलांत आपण एक अख्खी राजधानी ओलांडली, हे त्याच्या गावीही नसते.

बिचाऱ्या प्रवाशाचा दोष तरी काय? ओळखीची खूणच फारशी उरलेली नाही. उरली आहेत ती नावे. जबलपूरमध्ये पत्ता विचारत फिरा, पाण्याशिवाय दुसरे काही कानावर पडत नाही. रानीताल, चेरीताल, आधारताल, मढाताल, भँवरताल, फूटाताल, हनुमानताल, श्रीनाथ की तलैया, तिलकभूमी तलैया. ताल म्हणजे मोठा तलाव, तलैया म्हणजे लहान. यातल्या निम्म्याअधिक ठिकाणी पोहोचल्यावर मात्र समोर येतात त्या इमारती, बाजारपेठ, क्रीडांगण किंवा बगीचा. पाण्याचा पत्ता नाही.

जुने जबलपूरकर अभिमानाने सांगतात, 'आमच्या शहरात बावन ताल-तलैया होत्या.' बावन हा आकडा मोजून काढलेला असेलच असे नाही. या मुलखात बावन हा शुभ आणि भरगच्च आकडा. गोंड राजा संग्रामशाह याच्या ताब्यात बावन गड होते असे रामनगरच्या १६६७ सालच्या शिलालेखात कोरलेले आहे, तेव्हा गडांवरून तो तळ्यांना चिकटला असेल तर नवल नाही. एक-दोन कमी-जास्त असोत, तळी पुष्कळ होती यात वाद नाही. आणि त्यांची सर्वांत दाट माळ होती ती गढ्याच्या अवतीभवती.

खडक आणि पाणी

गढ्याला एवढी तळी का, याचे उत्तर त्या काळ्या टेकड्यांत आहे. मदनमहालची टेकडी ग्रॅनाइटची. हत्तीएवढाले, घराएवढाले गोलसर दगड एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे पडलेले. त्यातला एक तर दुसऱ्या दगडाच्या इवल्याशा टोकावर तोललेला आहे. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला भूकंपाचा मोठा धक्का बसला, घरे कोसळली, माणसे दगावली, पण हा दगड जागचा हलला नाही. आजही सहली तो पाहायला येतात.

असा खडक पाणी फारसे पीत नाही. पावसाळ्यात टेकडीवर पडलेले पाणी धावत पायथ्याशी येते. तिथे योग्य जागी बांध घातला की तळे तयार. ते भरले की सांडव्यावरून पाणी पुढच्या खोलगट जागी जाते आणि तिथे दुसरे तळे. पाणी मुरून आसपासच्या विहिरी आणि बावड्या उन्हाळाभर जिवंत राहतात. नर्मदा इथून फार लांब नाही, पण ती खोल पात्रातून वाहते. रोजच्या पिण्याला, धुण्याला, गुराढोरांना आणि शेतीला गावाजवळचे तळेच खरे. तळ्यात ढीमर मंडळी मासे धरत आणि शिंगाड्याचे वेल लावत. उपासाला आपण जे शिंगाड्याचे पीठ खातो, त्याची पैदास अशाच पाण्यात होते.

संग्रामसागर, बालसागर, गंगासागर, देवताल, सूपाताल, गुलौआताल ही गढ्याच्या परिसरातली नावे. टेकडीच्या माथ्यावर एका प्रचंड शिळेवर मदनमहाल उभा आहे. मदनसिंह नावाच्या राजाने तो बांधला असे परंपरा सांगते. 'महाल' हे नाव ऐकून दालने आणि झुंबरे शोधू नयेत. ही एक छोटी, दुमजली टेहळणीची वास्तू आहे. तिच्या आसपास नऊ लाखांचे धन आणि सोन्याच्या दोन विटा पुरल्या आहेत अशी वदंता पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्या विटा अजून तरी कोणाला सापडलेल्या नाहीत.

संग्रामशाह आणि बाजनामठ

गढ्याचा खरा उत्कर्ष सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्रामशाहच्या काळात झाला. त्याचे मूळ नाव अमानदास. गुजरातच्या बहादूरशाहला रायसेनच्या मोहिमेत मदत केल्याबद्दल त्याला 'संग्रामशाह' हा किताब मिळाला, असे अकबराचा इतिहासकार अबुल फज्ल लिहितो. मोगल दप्तरांत या राज्याचे नाव 'गढा-कटंगा' असे येते. ते कटंगाही आज जबलपूर शहराची एक वस्तीच आहे.

संग्रामशाहच्या नावाचा संग्रामसागर तलाव अजून आहे. त्याच्या पाण्यात 'आमखास' नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वाड्याचे अवशेष दिसतात आणि काठावर भैरवाचे बाजनामठ हे मंदिर आहे. या मंदिराची एक गोष्ट गढ्यातल्या आजीबाई नातवंडांना सांगतात. एक अघोरी साधू राजाकडे आला. 'मध्यरात्री एकटा भैरवाच्या दर्शनाला ये, तुला अजिंक्यपद मिळेल,' असे त्याने सांगितले. त्याच्या मनात राजाचाच बळी द्यायचा होता. राजाला सेवकाकडून कुणकुण लागली. ठरल्या वेळी तो गेला, पण कपड्याआड तलवार लपवून. साधूने त्याला भैरवापुढे साष्टांग दंडवत घालायला सांगितले. राजा भोळेपणाने म्हणाला, 'महाराज, आम्हाला नमस्कार घ्यायची सवय, घालायची नाही. एकदा करून दाखवावा.' साधू वाकला आणि त्याच क्षणी तलवार त्याच्या मानेवर पडली. भैरव प्रसन्न झाला आणि संग्रामशाह बावन गडांचा धनी झाला.

गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न सोडून द्यावा. राजधानीतल्या माणसांना आपला राजा शूरापेक्षाही हुशार असावा असे वाटत होते, एवढे तिच्यातून नक्की कळते.

राणी, दासी आणि दिवाण

संग्रामशाहचा मुलगा दलपतशाह. त्याच्याशी महोब्याच्या चंदेल घराण्यातल्या दुर्गावतीचे लग्न झाले. काही वर्षांतच दलपतशाह वारला. मुलगा वीरनारायण लहान. दुर्गावतीने कारभार हाती घेतला आणि सुमारे दीड दशक तो असा चालवला की शत्रुपक्षाच्या अबुल फज्ललाही तिचे कौतुक लिहावे लागले. तिच्या राज्यात सारा सोन्याच्या मोहरांत आणि हत्तींत भरला जाई, अशी या मुलखाची कीर्ती होती. वल्लभाचार्यांचे चिरंजीव विठ्ठलनाथ तिच्याच काळात गढ्याला येऊन राहिले. देवतालच्या परिसरातली मंदिरे आणि पुष्टिमार्गाची बैठक त्या दिवसांची आठवण देतात.

जबलपूरच्या तीन तळ्यांची जन्मकथा एकत्रच सांगितली जाते. राणीने बांधले ते रानीताल. तिचे पाहून तिच्या दासीने बांधवून घेतले ते चेरीताल. 'चेरी' म्हणजे दासी. आणि दिवाण आधारसिंह कायस्थ याने बांधले ते आधारताल. ज्या राज्यात दासीच्या नावाने तळे असते आणि ते नाव साडेचारशे वर्षे टिकते, त्या राज्याबद्दल आणखी काय सांगायला हवे? दुर्दैवाने तिघांतले दासीचे तळेच पुरते बुजले. चेरीताल आज निव्वळ नागरी वस्ती आहे.

१५६४ साली कडाचा मोगल सुभेदार आसफखान या राज्यावर चालून आला. राणीने बरेल्याजवळ नर्रईच्या ओढ्यापाशी त्याला गाठले. एका बाजूला गौर नदी, दुसरीकडे नर्मदा आणि मध्ये डोंगराळ अरुंद वाट. पहिल्या दिवशी मोगलांना माघार घ्यावी लागली. रात्रीच हल्ला करावा असे राणीचे मत होते, पण सरदार तयार झाले नाहीत. सकाळपर्यंत मोगलांच्या तोफा येऊन पोहोचल्या. कानशिलावर आणि मानेत बाण लागल्यावर राणीने आपला शेवट करण्याची विनंती आधारसिंहाला केली. त्याचा हात धजला नाही. तेव्हा तिने स्वतःच कट्यार खुपसून घेतली. तो दिवस होता २४ जून १५६४. पुढे चौरागडही पडला, वीरनारायण लढताना मारला गेला. तिथे मिळालेल्या एक हजार हत्तींपैकी आसफखानाने बादशहाकडे पाठवले फक्त दोनशे.

राणीची समाधी नर्रईला आहे. येणारा-जाणारा वाटसरू तिच्यावर आसपास सापडणारा पांढरा चमकदार गारगोटीचा दगड वाहतो, अशी रीत इंग्रज अधिकाऱ्यांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली आहे. २४ जूनला तिथे आजही माणसे जमतात.

मराठ्यांनी ठाणे हलवले

इथून गढ्याचे दिवस पालटले. सतराव्या शतकात हिरदेशाहने राजधानी मंडला भागात नर्मदाकाठी रामनगरला नेली. पुढे ती खुद्द मंडल्याला गेली. गढ्याचा राजमान गेला, तरी बाजारपेठ आणि टांकसाळ होती. इथे पाडलेला 'बालाशाही' रुपया बुंदेलखंडात चालत असे, हिणकस असला तरी.

१७४२ साली नानासाहेब पेशवे मंडल्यावर चालून आले. राजा महाराजशाह लढाईत पडला आणि त्याच्या मुलाने चार लाखांची चौथ कबूल केली. १७८१ मध्ये सागरच्या मराठी सुभेदारांनी, म्हणजे गोविंदपंत बुंदेल्यांच्या वारसांनी, हे राज्यच खालसा केले. कारभारासाठी त्यांनी निवडले ते जबलपूर. प्राचीन गढा तिथून अवघ्या चार मैलांवर होता, तरी कचेरी जबलपुरात बसली. कचेरीमागे कारकून आले, कारकुनांमागे सावकार, सावकारांमागे दुकानदार. जबलपुरात मराठी बोलणारी घरे आली त्यांतली कित्येक अशीच लेखणी कमरेला खोचून आली. आज शहराच्या दत्तमंदिरात आणि महाराष्ट्र शाळेत तो धागा दिसतो.

१७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला. सीताबर्डीच्या लढाईनंतर महिन्याभरात, १९ डिसेंबर १८१७ रोजी, इंग्रजांनी जबलपूर घेतले. त्यांनीही मराठ्यांचेच ठाणे पुढे चालवले. छावणी पडली, आयुक्त बसला, ठगांचा बीमोड करणाऱ्या स्लीमनची कचेरी इथेच थाटली गेली. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना कामाला लावण्यासाठी १८३७ मध्ये जबलपुरात उद्योगशाळा निघाली. गळफास टाकणारे हात तिथे गालिचे विणू लागले.

जुन्या राजघराण्याचे वंशज शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह तेव्हा गढ्याजवळच्या पुरव्यात पेन्शनवर दिवस कंठत होते. १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध कट केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. घरात सापडलेले देवीच्या प्रार्थनेचे काव्य पुरावा म्हणून पुढे करण्यात आले. १८ सप्टेंबर १८५७ रोजी बापलेकांना जबलपुरात तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच रात्री ५२ व्या पलटणीचे देशी शिपाई छावणी सोडून निघून गेले. गढ्याचे राजघराणे आणि राजधानीचा उरलासुरला दिमाख, दोन्ही त्या दिवशी संपले.

नळ आला, तळे गेले

महाराष्ट्रातल्या वाचकांना इथे ठाण्याची आठवण होईल. ठाणेही शिलाहारांची राजधानी, तेही तळ्यांचे गाव. १८५३ साली पहिली आगगाडी तिथवर धावली आणि पुढे ते मुंबईच्या चाकरमान्यांचे गाव झाले. गढ्याला खेचणारे शहर चार मैलांवरच होते, एवढाच काय तो फरक.

आगगाडी जबलपूरलाही आली. १८६७ मध्ये अलाहाबादकडून, आणि मार्च १८७० मध्ये इटारसीकडून येणारा रूळ तिला जुळला. मुंबई आणि कलकत्ता यांच्यामधली लोहमार्गाची गाठ जबलपूरला बांधली गेली. इटारसीच्या बाजूने येताना जबलपूरच्या अलीकडचे स्टेशन मदनमहाल. राजधानीच्या वाट्याला हे छोटे स्टेशन आले.

तळ्यांच्या दृष्टीने मोठी घटना वेगळीच. १८८३ मध्ये खंदारी नाल्यावर जलाशय बांधून शहराला नळाने पाणी द्यायला सुरुवात झाली. नळाचे पाणी स्वच्छ, घराजवळ येणारे, पटकी टाळणारे. त्याला नावे ठेवण्याचा करंटेपणा कोणी करू नये. पण ज्या दिवशी घागर तळ्याऐवजी नळाखाली गेली, त्या दिवसापासून तळ्याला राखणदार उरला नाही. पूर्वी तळ्यात कोणी घाण टाकली तर गाव भांडायला उठे, कारण तेच पाणी चुलीवर जाई. आता तळे म्हणजे सांडपाणी सोडण्याची जागा, मग डासांचे आगर, मग रोगराईचे कारण आणि शेवटी, 'बुजवून टाका, जागा तरी होईल.' एवढ्या पायऱ्या उतरायला दोन-तीन पिढ्या पुरल्या.

जागेची गरज तर वाढतच होती. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास खमरियाचा दारूगोळा कारखाना, १९६९ मध्ये वाहनांचा कारखाना. 'शक्तिमान' ट्रक याच शहरातून बाहेर पडत. १९५६ मध्ये राज्याचे उच्च न्यायालय आले, विद्यापीठ आले. त्याआधी वर्षभर मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि गढ्याकडे विस्तारले. कारखान्याच्या भोंग्यावर सायकलींचे तांडे निघत. हँडलला डबा, दांड्यावर रेनकोट. गढ्याच्या गल्लीबोळांतून निघालेला माणूस सकाळी शहराकडे जाई आणि अंधार पडता परत येई. पुढे सायकलची स्कूटर झाली, स्कूटरची मोटारसायकल. रस्ता तोच. ज्या गावाकडे एके काळी बावन गडांचे वसूल येत, त्या गावाची माणसे रोज पगारासाठी चार मैल जाऊ-येऊ लागली. नव्या वसाहतींनी मधली शेते भरून काढली आणि गढा कुठे संपतो, जबलपूर कुठे सुरू होते हे सांगणे अशक्य झाले.

आतल्या शहरातली तळी आधी गेली. मढातालवर बाजार आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. श्रीनाथ की तलैया दुकानांनी भरली. लोकमान्य टिळकांच्या सभेमुळे एका तलैयाला 'तिलकभूमी' नाव मिळाले, नाव राहिले, पाणी गेले. भँवरतालचा बगीचा झाला. तिथल्या बकुळीच्या झाडाखाली २१ मार्च १९५३ रोजी आपल्याला साक्षात्कार झाला असे पुढे ओशो म्हणून जगभर गाजलेले रजनीश सांगत. त्यांची ध्यानाची दुसरी आवडती जागा होती गढ्याच्या देवतालजवळची शिळा. रानीतालच्या जागेत क्रीडासंकुल आले. आणि २०२५ मध्ये मदनमहाल ते दमोह नाका असा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल सुरू झाला, त्याची वाट रानीतालवरूनच जाते.

भूकंपाच्या संदर्भात जाणकार एक गोष्ट नेहमी सांगतात. भराव टाकलेल्या मऊ जमिनीवर हादरा अधिक जाणवतो, घट्ट खडकावर कमी. मदनमहालच्या टेकडीवर गोंडांनी इमारत बांधली आणि पायथ्याशी पाणी ठेवले. नंतरच्यांनी पाण्यावर घरे बांधली.

जे उरले आहे ते

सगळेच गेले असे मात्र नाही. हनुमानताल गजबजलेल्या जुन्या वस्तीत अजून आहे आणि काठावरच्या जैन मंदिराची शिखरे पाण्यात पडतात. आधारतालचा काही भाग शिल्लक आहे, त्याच नावाच्या भल्यामोठ्या उपनगरात वेढलेला. तळ्यांच्या आणि टेकड्यांच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. न्यायालय याच शहरात असल्यामुळे तक्रारदाराला लांब जावे लागत नाही, ही एक सोयच. मदनमहाल टेकडीवरची अतिक्रमणे न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८-१९ मध्ये हटवण्यात आली. शेकडो गरीब कुटुंबांना त्यासाठी घर सोडावे लागले, हेही विसरता येत नाही. टेकडी मोकळी झाली ती अशी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे राणी दुर्गावतीच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले.

गढ्यातल्या गुलौआतालचा गाळ आणि कचरा काढून काठाने फिरायची वाट केली आहे. संध्याकाळी तिथे निवृत्त मंडळी चालतात, मुले आइस्क्रीमसाठी हट्ट करतात. पाण्याकाठी बसायला जागा मिळाली तर माणसे येतात, त्यांना बोलवावे लागत नाही. इतर तळ्यांच्या वाट्याला हे भाग्य येईल की नाही ते तिथल्या सांडपाण्याच्या नाल्यांवर ठरेल. काठाला फरशी घालणे सोपे, नाला वळवणे महाग.

संग्रामसागर मात्र अजून तळ्यासारखा दिसतो. शनिवारी बाजनामठात भैरवाच्या दर्शनाला गर्दी उसळते. तेल, उडीद, नारळ विकणारे रांगेने बसतात. रांगेत उभ्या असलेल्या मुलाला आजी अघोरी साधूची गोष्ट सांगत असते आणि मुलगा मधेच विचारतो, 'फिर राजा ने क्या किया?' पलीकडे पाण्यात आमखासच्या पडक्या भिंती दिसतात, आणि रांग एक पाऊल पुढे सरकते.